पुन्हा पहिलं वर्ष

डेट्रॉइट
११ जून १९८५

प्रिय इर्मा आत्या,

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, डॉक्टर व्हायला आता किती राहिलं? उत्तर एकदम सोपं झालंय. कालपासून काहीच राहिलेलं नाही. मला मेडिकल कॉलेजातून काढून टाकलंय.

दारू, मारामारी, मुलगी यातलं काही कारण असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. मी नुसता नापास झालो. दुसऱ्या वर्षाला नापास झालो, त्यांनी ते वर्ष पुन्हा करू दिलं, आणि मी पुन्हा नापास होऊन माझ्या स्वभावात सातत्य आहे हे दाखवून दिलं. डीन फार सभ्य माणूस आहे. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, मग काढून टाकलं. निघताना मी त्याचे आभार मानले. कशाबद्दल, ते अजून कळलेलं नाही. बहुतेक पाण्याबद्दल.

बाबांना सांगू नकोस. खाण बंद पडल्यापासून चारचौघांत बोलायला त्यांच्याकडे माझ्याशिवाय विषय नाही. मी निघालो तेव्हा चर्चमधल्या बायकांनी केलेला केक आठवतो ना, ज्येष्ठमधाच्या मिठाईच्या काळ्या दोरीचा स्टेथोस्कोप लावलेला? तो अख्खा केक आज पोटात जसाच्या तसा बसलाय असं वाटतं.

समितीपुढे दाद मागता येते. मागणार आहे. नकार ऐकून घ्यायची मला आता सवय होतेय.

तुझा,
आर्वो


कॉपर बेंड, मिशिगन
१८ जून १९८५

आर्वो,

तुझं पत्र दुकानात उघडलं ही माझी चूक. मिसेस हॅल्वर्सनच्या केसांना रंग लावला होता आणि मी पत्र दोनदा वाचलं. तिचे केस आता गाजराच्या रंगाचे झालेत. ती म्हणते छान दिसतात. चष्मा घरी विसरली होती.

तोइवोला, तुझ्या बाबांना, सांगत नाही. पण मी खोटं बोलणार नाही, नुसती गप्प बसेन. आपल्या घरात गप्प बसलेलं माणूस कुणाला खटकत नाही. तुझे बाबा तर परवा जेवताना "मीठ" एवढं एकच बोलले, आणि त्या दिवशी ते खुशीत होते.

एक विचारते. तू सात-आठ वर्षांचा असताना धक्क्यावरून पाण्यात पडला होतास. मी दहा हातांवर कपडे वाळत घालत होते, आणि तू ओरडला नाहीस. तुझी टोपी तरंगताना दिसली म्हणून तू वाचलास. बाहेर काढल्यावर म्हणालास, "आत्या, तू कामात होतीस." या वेळी कुणाला हाक मारली होतीस का?

समितीपुढे जाताना केस कापून जा. आणि स्वतः कापू नकोस.

इर्मा


डेट्रॉइट
२४ ऑगस्ट १९८५

प्रिय आत्या,

केस न्हाव्याकडून कापून घेतले. टाय खोलीतल्या जोडीदाराचा घेतला, त्यावर बदकं होती. टेबलापलीकडे सात प्राध्यापक आणि अलीकडे मी आणि माझी बदकं.

त्यांनी विचारलं, परत घेतलं तर वेगळं काय कराल? मी म्हणालो, जास्त अभ्यास करेन. सातही जणांनी एकदम कागद उलटला. मग टोकाला बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "तीन वर्षांत तुम्ही मदत कुणाकडे मागितलीत?" तुझाच प्रश्न. तुम्ही दोघी एकमेकींना ओळखता का? मी बराच वेळ विचार केल्यासारखं दाखवलं. उत्तर मला पहिल्या क्षणाला माहीत होतं. कुणाकडेच नाही. वर्गात मी मान डोलवायचो, मित्रांना "झालं वाचून" म्हणायचो आणि खोलीत जाऊन तीच तीच ओळ पिवळी करायचो. शेवटी अख्खं पुस्तक पिवळं झालं. मला कावीळ ओळखता येत नव्हती, ती पुस्तकाला झाली.

समितीने नाही म्हटलं. मग देशभरच्या कॉलेजांना पत्रं लिहिली. एका ठिकाणाहून काढलेल्या मुलाला दुसरं कॉलेज सहसा दारात उभं करत नाही. काहींनी उत्तरं पाठवली. ती वाचून, ज्यांनी पाठवली नाहीत त्यांच्याबद्दल आदर वाटला.

एकाने हो म्हटलंय. कॅरिबियनमधल्या एका बेटावरचं कॉलेज. जानेवारीपासून, पण पुन्हा पहिल्या वर्षापासून. इथली तीन वर्षं धरणार नाहीत. त्यात धरण्यासारखं काय होतं, हाही प्रश्नच आहे.

बाबांना फोन केला. म्हणालो, पुढचं शिक्षण बेटावर आहे. ते म्हणाले, "तापांचं?" मी म्हणालो, "तापांचंही." त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मी फोन ठेवून दिला.

आर्वो


कॉपर बेंड
९ फेब्रुवारी १९८६

आर्वो,

"तापांचंही" या तुझ्या एका शब्दाचं इथे काय झालंय ते ऐक. पहिल्या रविवारी तू उष्ण प्रदेशातल्या तापांचा अभ्यास करायला गेलास. दुसऱ्या रविवारी कॉलेजने तुला निवडून पाठवलं होतं. काल दुकानात मला कळलं की सरकारने तुला विनंती केली. तोइवो स्वतः एवढंच म्हणतो, "बेटावर आहे. ताप." बाकीचं गाव घालतं. पण तो नाही म्हणत नाही. खांदे मागे टाकून कॉफी पीत बसतो.

मी गप्प आहे. पण ही गप्प बसण्याची नोकरी आता जड होतेय, हे तुला सांगून ठेवते.

अभ्यास कर. या वेळी पिवळा पेन घरी ठेव.

इर्मा


बेटावरून
१४ ऑक्टोबर १९८६

प्रिय आत्या,

पिवळा पेन उन्हात वाळून गेला. इथलं ऊनसुद्धा माझ्या बाजूने आहे.

इथे वर्गाला पत्र्याचं छप्पर आहे आणि पाऊस आला की प्राध्यापक हातवाऱ्यांनी शिकवतात. हृदयाचे झटके त्यांना फार छान जमतात. वर्गात सगळे माझ्यासारखेच, कुठून ना कुठून आलेले. न्यू जर्सीचा एक दातांचा डॉक्टर आहे, त्याला तोंडापलीकडचंही माणूस बघायचंय. माझ्या शेजारी डोलोरेस बसते. टेक्सासमध्ये वीस वर्षं नर्स होती, मुलं मोठी झाल्यावर डॉक्टर व्हायला निघाली. तिला कुठल्याच कॉलेजने काढलेलं नाही, पण घेतलंही नव्हतं. आमचं त्यावरून भांडण होतं की जास्त वाईट काय.

पहिल्या आठवड्यात तिने विचारलं, "मूत्रपिंडाचं हे कळलं का तुला?" मी सवयीने मान डोलवली. ती म्हणाली, "मग सांग." मी तोंड उघडलं आणि आत्या, आत काहीच नव्हतं. तिने खडू माझ्या हातात दिला. "कळलं नाही असं म्हण, मग बसू." ते वाक्य म्हणायला मला डेट्रॉइटमधली तीन वर्षं आणि एवढा समुद्र ओलांडावा लागला. म्हटलं. छप्पर पडलं नाही.

आता आम्ही रोज एकमेकांना फळ्यावर शिकवतो. पहिलं वर्ष पास झालो. बायोकेमिस्ट्रीत दुसऱ्या प्रयत्नात, हे लपवणार होतो, पण इथे सवय मोडतेय.

बाबा कसे आहेत? त्यांच्या चिठ्ठीत "ठीक" एवढाच शब्द होता, आणि तोही वाकडा काढलेला.

आर्वो


कॉपर बेंड
११ जानेवारी १९८७

आर्वो,

तोइवोचे रंग विचारू नकोस. म्हातारपणी गंमत चालली आहे. चर्चच्या गायकांत त्याचा आवाज इतका खाली गेलाय की गाण्याच्या मास्तरांनी त्याला पुढच्या रांगेत बसवलं. असा खर्ज आपल्याला कधीच मिळाला नव्हता म्हणतात. साऊनाच्या वाफेत तर कुणी त्याच्यापुढे टिकत नाही. सगळे लाल होऊन बर्फात पळतात आणि हा आत बसून म्हणतो, कुणीतरी दार उघडं ठेवलंय. अंगठी बसेना म्हणून साबण लावून काढली. बूट एक माप मोठे घेतले. शेजारी म्हणतात, मुलगा डॉक्टर होतोय म्हणून बाप फुगलाय. केस झाडूसारखे कोरडे झालेत, कात्री बोथट होते माझी. आणि बोलणं आधीच्यापेक्षा हळू, पण ते फक्त मलाच कळतं, बाकीच्यांना फरक दिसायला जागाच नव्हती.

मी म्हटलं, मोठ्या रुग्णालयात दाखवून येऊ. म्हणाला, "माझा डॉक्टर घडतोय." म्हणजे तू.

तुझी परीक्षा जवळ आली असेल. इकडची काळजी करू नकोस.

इर्मा


बेटावरून
८ फेब्रुवारी १९८७

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी हसत वाचलं, मग न हसता वाचलं. अंगठी, बूट, आवाज. आत्या, हे फुगणं नाही, वाढणं आहे. मेंदूखाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यात गाठ झाली की मोठ्या माणसाचे हातपाय, जबडा पुन्हा वाढायला लागतात. लाखात काहींना होतं. सोबत चार पानं जोडली आहेत, आकृतीसकट. आकृतीतला माणूस बाबांसारखा दिसत नसला तर माझ्या चित्रकलेला दोष दे.

ही पानं घे आणि त्यांना डॉक्टरकडे ने. याच आठवड्यात. मी खरं सांगतो, हे लिहिताना मला भीती वाटतेय, आणि त्या भीतीच्या मागे उभा राहून एक शहाणा पोरगा टाळ्या वाजवतोय की बघा, दोन हजार मैलांवरून ओळखलं. त्या पोराचा मला राग येतो. पण ने.

आर्वो


कॉपर बेंड
५ मार्च १९८७

आर्वो,

आता मी गप्प बसायची नोकरी सोडते.

मागच्या पत्रात मी तुला गमती लिहिल्या. जे गमतीचं नव्हतं ते ठेवून घेतलं, तुझी परीक्षा म्हणून. नाताळानंतर तोइवो गाडी चालवता चालवता झोपला आणि सरोवराच्या कडेच्या बर्फात जाऊन थांबला. बर्फ जाड होता म्हणून तो आहे. दिवसा खुर्चीत बसल्या बसल्या झोपतो. उठवलं की काही वेळ माझं नाव आठवत नाही. मागच्या मंगळवारी दुपार झाली तरी धूर दिसेना म्हणून मी गेले. चूल विझलेली, घर गोठलेलं, आणि हा कोट घालून पलंगावर. हात माशासारखे गार. मी हाक मारली तर इतक्या सावकाश डोळे उघडले की तेवढ्यात माझं निम्मं आयुष्य गेलं.

तुझी पानं दाखवली. त्याने चारही पानं शांतपणे वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, "बघ, कळतं त्याला. जूनमध्ये येईल तेव्हा तोच बघेल. परक्याला कशाला?" मी ओरडले, रडले. उपयोग नाही. त्याच्या डोक्यात त्याचा डॉक्टर तयार आहे आणि तो जूनमध्ये येतोय.

त्याला जा म्हणून मी सांगू शकते. थांबू नका, आणि का थांबू नका, हे तूच सांगू शकतोस.

इर्मा


बेटावरून
१५ मार्च १९८७

बाबा,

हे पत्र आत्याला नाही, तुम्हाला आहे.

मी डॉक्टर नाही. मला डेट्रॉइटच्या कॉलेजने पंच्याऐंशी सालच्या जूनमध्ये काढून टाकलं. दोनदा नापास झालो म्हणून. मला कुणी निवडलं नाही, कुणी पाठवलं नाही. इथे तापांचा अभ्यास नाही, इथे मी पुन्हा पहिल्यापासून शिकतोय, कारण दुसऱ्या कुणी घेतलं नाही. फोनवर तुम्ही विचारलंत तेव्हा मी खरं सांगायला हवं होतं. तुम्हाला आनंद झाला आणि मला तो काढून घेववला नाही.

ती चार पानं एका विद्यार्थ्याचा अंदाज आहेत. चूकही असतील. जूनमध्ये मी आलो तरी मला तुम्हाला तपासता येणार नाही. त्याला अजून वर्षं लागतील, आणि कदाचित जमणारही नाही.

माझी वाट बघू नका. आत्याबरोबर उद्या जा. रागवायचं ते परत आल्यावर रागवा. रागवायला तुम्ही मला हवे आहात.

आर्वो


कॉपर बेंड
६ एप्रिल १९८७

आर्वो,

डॉक्टरकडे गेला. आधी ते सांगते.

तुझं पत्र त्याने उभ्यानेच वाचलं. मग खाली बसला. मी कॉफी ओतली, ती निवली. शेवटी म्हणाला, "तुला माहीत होतं." मी हो म्हटलं. त्याने कोट घातला आणि गाडीत जाऊन बसला, माझ्या जागेवर. म्हणजे गाडी मी चालवायची.

मोठ्या रुग्णालयात एका तरुण डॉक्टरने त्याला उलटासुलटा बघितला. घोट्यामागे छोटी हातोडी मारली. पाय उडाला, पण परत यायला त्याने इतका वेळ लावला की डॉक्टरने दोन नर्सना बोलावून दाखवलं. तोइवो म्हणाला, "घाई काय आहे?"

तुझी वाटाण्याएवढी ग्रंथी धडधाकट आहे. बिघडली ती गळ्यातली, थायरॉइड. लाखात नाही, प्रत्येक गल्लीत एकाला होतं म्हणाले. रोज सकाळी एक बारीक गोळी, जन्मभर. मी तुझी पानं त्या डॉक्टरला दाखवली. वाटलं हसेल. तो म्हणाला, "चुकीचं आहे, पण मूर्खपणाचं नाही. माणूस इथवर पाठवला, ते बरोबर केलं. आणखी एक हिवाळा घरी काढला असता तर एखाद्या सकाळी हाक मारूनही उठले नसते."

काही दिवस ठेवून घेतलं होतं, आता घरी आहे. येताना पुलावर एवढंच बोलला, "दोन वर्षं मी लोकांना सांगत होतो." तुझं नाव काढत नाही. मीही काढत नाही. थांब जरा.

इर्मा


बेटावरून
२ मे १९८७

प्रिय आत्या,

थायरॉइड. आमच्या पुस्तकात तो पाठ सुरुवातीलाच आहे. सोपा आहे म्हणून मी तो सोडून पुढे गेलो होतो. तू पत्रात सगळं लिहिलं होतंस, थंडी, हळू बोलणं, कोरडे केस. केसांची ओळ तर मी वाचलीच नाही. तू केसांबद्दल नेहमीच लिहितेस.

डोलोरेसला सांगितलं. ती इतकी हसली की दातांच्या डॉक्टरला तिला पाणी आणून द्यावं लागलं. मग तिने डोळे पुसले, खडू हातात दिला आणि अख्खा पाठ माझ्याकडून फळ्यावर करून घेतला. हातोडीशी आल्यावर मी खडू खाली ठेवला. ती म्हणाली, "बस जरा." मी बसलो, मग पुढचं सांगितलं.

बाबांना रोज एक पत्र लिहितो आणि फाडतो. टपाल खात्याचा फायदा नाही, पण वाऱ्याचा आहे.

आर्वो


कॉपर बेंड
२२ नोव्हेंबर १९८७

आर्वो,

इर्मा म्हणते लिही. म्हणून लिहितो.

गोळी रोज घेतो. आवाज परत वर गेला, त्यामुळे गाण्यात मला मागच्या रांगेत बसवलंय. साऊना गरम लागते.

रविवारी चर्चमध्ये कॉफीच्या वेळी उभं राहून सांगितलं. म्हणालो, माझ्या मुलाला कॉलेजातून काढलं होतं. मी तुम्हाला सांगत होतो ते खरं नव्हतं. मग मिसेस हॅल्वर्सन म्हणाली, आता काय करतो? मी म्हणालो, तेच करतो, पुन्हा. तिने वेलदोड्याच्या पावाचं ताट माझ्याकडे सरकवलं.

रागावलो होतो. नापास झालास म्हणून नाही. खाणीने मला काढलं त्या संध्याकाळी मी तुला सांगितलं होतं. तू शाळेत होतास, पायरीवर बसलो होतो आपण. सांगताना मला लाज वाटली, तरी सांगितलं. तू ऐकलंस आणि म्हणालास, मग उद्या मासे पकडायला जाऊ. मला वाटत होतं तुझ्या लक्षात असेल, असं कसं सांगायचं असतं.

जूनमध्ये आला नाहीस, नाताळात ये. छपरावरचा बर्फ काढायचा आहे. मला शिडीवर चढू देत नाहीत.

बाबा


नॉर्थ डकोटा
१५ जुलै १९९०

प्रिय बाबा,

आत्यालाही वाचून दाखवा, नाहीतर ती मिसेस हॅल्वर्सनचे केस पुन्हा बिघडवेल.

शिकागोच्या रुग्णालयांत शिक्षणाची शेवटची दोन वर्षं कशी गेली ते तुम्हाला माहीत आहे. पुढच्या प्रशिक्षणाच्या जागेसाठी जिथे जिथे अर्ज केला, तिथे एक रकाना होता, आपणांस कुठल्या कॉलेजातून कधी काढले आहे काय? मी प्रत्येक ठिकाणी हो लिहिलं. बहुतेकांनी बोलावलंच नाही. एका ठिकाणी बोलावलं आणि सगळा वेळ त्या रकान्यावरच बोलले. मी इतक्या वेळा ती गोष्ट सांगितली की आता ती चांगली सांगतो. बदकांच्या टायपाशी आलं की लोक हसतात.

इथल्या रुग्णालयाचे मुख्य डॉ. स्टेनसन हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "पहिल्यांदा नापास झालात ते कळलं. दुसऱ्यांदा पास कसे झालात?" मी म्हणालो, कळत नाही असं म्हणायला शिकलो. ते म्हणाले, "इथे ते रोज म्हणावं लागेल. आणि लगेच म्हणावं लागेल, दुसरं रुग्णालय तासाभरावर आहे." मार्चमध्ये पत्र आलं. जागा दोन्हीकडच्या पसंतीच्या याद्या जुळवून देतात, आणि माझ्या यादीत हे रुग्णालय पाचवं होतं. त्यांच्या यादीत मी कितवा होतो, हे मी अजून विचारलेलं नाही. तिथवर माझं धाडस पोचलेलं नाही.

पहिल्या दिवशी पहिली पेशंट ऐंशीची एक शेतकरीण होती, मिसेस ओल्गा ब्रेक्के. माझा पांढरा कोट नवा होता, घड्या मोडल्या नव्हत्या. तिने मला खालून वर बघितलं.

"डॉक्टर, शिकलात कुठे?"

मी म्हणालो, "पहिल्यांदा, की दुसऱ्यांदा?"

तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग माझा चेहरा बघून तिला कळलं, ही थट्टा नाही. तिने ब्लाउजची वरची दोन बटणं काढली, खोकली आणि म्हणाली, "ज्या वेळी खरं शिकलात, ते ठिकाण सांगा."

मी बेटाचं नाव सांगितलं आणि तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावायला वाकलो.

तुमचा,
आर्वो